श्वासाचे ॲप आणि रक्तदाबाचे माप

धान्याचा सौदा करताना व्यापारी तीन गोष्टी विचारल्यावाचून पुढे जात नाही : माल कसा, भाव काय आणि माप कोणाचे. पोत्यात सळई खुपसून वानगी हातावर घेतल्याखेरीज तो तुरीचे एक पोतेही उतरवून घेणार नाही. हाच व्यापारी स्वतःच्या प्रकृतीच्या बाबतीत मात्र कोणी काही सांगितले की वानगी न पाहताच सौदा पक्का करतो, असा आमचा अनेक वर्षांचा अनुभव आहे. हल्ली आपल्या बेळगावच्या बाजारात मोबाईलमधील श्वासाच्या ॲपांची जी चलती झाली आहे, तिच्याविषयी चार शब्द या स्मरणिकेत लिहावे असे आम्हांस वाटले, ते याच कारणाने.

ज्या वाचकांनी हे प्रकरण पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मोबाईलच्या पडद्यावर एक वर्तुळ हळूहळू फुगत जाते, तोवर श्वास आत घ्यावयाचा. ते आकसू लागले की तो सावकाश सोडावयाचा. कोणी यासोबत मंद सूर ऐकविते, कोणी फोनला हलकी थरथर देऊन सूचना करते. दहापंधरा मिनिटे पुरी झाली की पडद्यावर शाबासकी उमटते आणि किती दिवस खंड पडला नाही याचा आकडा दिसतो. मनगटावरच्या घड्याळातही ही सोय मिळते. ॲपल कंपनीने आपल्या घड्याळात ती २०१६ साली आणली. पुष्कळ ॲपे फुकट आहेत, काही वर्षाची वर्गणी घेतात. येथवर तक्रारीस जागा नाही. तक्रार सुरू होते ती, या वर्तुळामुळे रक्तदाब आटोक्यात आला, आता गोळी नको, असे बोलणे पेढ्यांवर ऐकू येऊ लागले तेथून.

आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. श्वास सावकाश घेण्याची सवय फार चांगली आहे, आणि ती लावण्यास ॲपची मदत होत असेल तर ॲप अवश्य घ्यावे. परंतु ॲप हे रक्तदाबाचे माप नव्हे आणि गोळीच्या जागी बसणारी वस्तूही नव्हे. ज्यांना एवढे मान्य आहे त्यांनी पुढील मजकूर वाचला नाही तरी चालेल. ज्यांना मान्य नाही, त्यांच्यासाठीच तो लिहिला आहे.

उच्च रक्तदाब हा आमच्या धंद्याचा जुना, न मागता आलेला भागीदार आहे. दिवसभर गादीवर बैठक, फोन कानापासून सुटत नाही, उधारी अडकलेली आणि भाव रात्रीत फिरतात. जून २०२३ मध्ये प्रथम तूर-उडदावर व मागोमाग गव्हावर सरकारने साठ्याची मर्यादा घातली, तेव्हा किती पेढ्यांवर रात्री दिवे उशिरापर्यंत जळत होते हे सभासदांस सांगावयास नको. तथापि हा रोग व्यापाऱ्यांचाच आहे असेही नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील पुरुषांत शेकडा २४ आणि स्त्रियांत शेकडा २१ जणांचा रक्तदाब वाढलेला, किंवा तो ताब्यात ठेवण्यासाठी औषध चालू असलेले, असे आढळले. स्त्रियांचा आकडा वाचताना आम्ही थबकलो. घरातील स्त्रियांचा रक्तदाब कोणी मोजतो काय, हा प्रश्न प्रत्येक सभासदाने आपल्या घरी विचारून पाहावा.

शिवाय या रोगाला दुखणे नाही, हीच त्याची खरी लबाडी आहे. दाढ दुखली तर मनुष्य डॉक्टरांकडे धाव घेतो. रक्तदाब वर्षानुवर्षे चढा असला तरी बहुधा काहीच जाणवत नाही, आणि जेव्हा जाणवते तेव्हा मेंदू, हृदय किंवा मूत्रपिंड यांपैकी कशाचे तरी नुकसान होऊन गेलेले असते. आमच्या युक्तिवादाचा सारा भार या एका गोष्टीवर आहे, म्हणून वाचकांनी ती ध्यानात ठेवावी.

आता श्वासाविषयी. श्वास मंद केल्याने रक्तदाबावर परिणाम व्हावा, हे केवळ भाविकपणाचे बोलणे नाही. मानेतील मोठ्या धमन्यांच्या आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या भिंतीत निसर्गाने जणू पहारेकरी बसविले आहेत. दाब वाढून भिंत ताणली गेली की ते मेंदूस वर्दी देतात, आणि मेंदू हृदयाची गती उतरवितो व रक्तवाहिन्या सैल करतो. स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य मिनिटास साधारण बारा ते वीस श्वास घेतो. तो वेग सहाच्या आसपास आणला की श्वासाची लय आणि या पहारेकऱ्यांची लय जुळून येते व ते अधिक तत्पर होतात. इटलीतील लुचियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक मौजेचा प्रयोग प्रसिद्ध केला. तेवीस निरोगी माणसांना त्यांनी एकदा ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि एकदा तिबेटी बौद्धांचा षडाक्षरी मंत्र म्हणावयास लावले. दोन्ही वेळा श्वासाचा वेग आपोआप मिनिटास सहाच्या जवळ आला आणि पहारेकऱ्यांचे काम सुधारले.

हे वाचून आपल्यापैकी पुष्कळांना कायोत्सर्ग आठवेल. नऊ वेळा णमोकार आणि सत्तावीस श्वासोच्छ्वास, हे गणित आपल्या घरातील लहान मुलांनाही शिकविले जाते. मिनिटास सहा श्वास धरले तर सत्तावीस श्वासोच्छ्वासांना साडेचार मिनिटे लागतात. आमच्या बाजारात याविषयी दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, पूर्वजांनी हे सारे दिले असता परक्यांच्या यंत्राची गरज काय? त्यांना आमचे उत्तर असे की, दिले हे खरे, पण आपण ते किती वेळात उरकतो? घड्याळ लावून पाहिले तर नऊ णमोकार दीड मिनिटात आटोपणारे सद्‌गृहस्थ थोडे नाहीत. घाईची सवय लागलेल्या माणसाला वर्तुळाच्या गतीने श्वास घेणे सोपे जात असेल तर त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. दुसरा पक्ष याच्या उलट टोकाला आहे. आपल्या परंपरेतले आहे, म्हणून त्याने रक्तदाबच काय, सर्व रोग जातील, असे तो म्हणतो. हे आम्हांस मुळीच मान्य नाही. कायोत्सर्ग देहावरील ममत्व सोडण्यासाठी सांगितला आहे. त्याची औषधाची पुडी करणे म्हणजे त्याचा गौरव नव्हे.

राहता प्रश्न उरतो तो, श्वासाने रक्तदाब उतरतो तरी किती? येथे वानगी पाहिली पाहिजे, आणि ती कोणाच्या हातची आहे हेही पाहिले पाहिजे. ॲपांच्या आधी या कामासाठी एक स्वतंत्र यंत्र निघाले होते. इस्राएलमध्ये तयार झालेल्या त्या यंत्राचे नाव रेस्पिरेट. छातीला पट्टा बांधावयाचा, कानात सूर ऐकावयाचे आणि त्या सुरांमागे जाऊन श्वास मिनिटास दहाच्या खाली आणावयाचा, रोज पंधरा मिनिटे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ साली त्याला डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विक्रीची मोकळीक दिली, पण ती चालू उपचारास पूरक म्हणून. २०१३ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननेही पूरक उपाय म्हणून अशा यंत्राचा वापर करण्यास हरकत नाही, असा अभिप्राय दिला. यावरून यंत्राच्या बाजूने पुष्कळ बोलता येईल.

परंतु आता दुसरी बाजू. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१२ साली अशा यंत्राच्या आठ चाचण्या एकत्र करून हिशेब मांडला. त्यांत एकूण ४९४ माणसे होती. वरचा आकडा सरासरीने सुमारे साडेतीन ते चार अंशांनी आणि खालचा सुमारे अडीच अंशांनी उतरलेला दिसला. (अंश म्हणजे येथे पाऱ्याचा मिलिमीटर.) पुढे त्यांनी, यंत्र बनविणाऱ्यांचा पैसा किंवा हात ज्या चाचण्यांत होता त्या बाजूला काढल्या, तेव्हा उरलेल्यांत लाभ सिद्ध होईना. व्यापाऱ्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. विकणाऱ्याने स्वतः काढून दिलेल्या वानगीत खडा नसतो, हे आपण मिसरूड फुटण्याच्या आधीच शिकलेलो असतो. २०१३ साली नेदरलँड्समध्ये आणखी एक कसोटी झाली. मधुमेह आणि उच्च रक्तदाब दोन्ही असलेल्या रुग्णांपैकी अर्ध्यांना खरे यंत्र दिले आणि अर्ध्यांना श्वास मंद न करणारे, केवळ संगीत ऐकविणारे. कोणाकडे कोणते हे रुग्णांस ठाऊक नव्हते. अखेरीस दोन्ही गटांत म्हणण्याजोगा फरक आढळला नाही.

यावरून श्वासाचा काहीच उपयोग नाही असे आम्ही म्हणत नाही. दोनचार अंश खाली येणे ही क्षुद्र गोष्ट नव्हे. २०२१ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात ४८ चाचण्यांचा एकत्रित हिशेब प्रसिद्ध झाला. वरचा आकडा पाच अंशांनी उतरला की हृदयविकार व पक्षाघात यांसारख्या मोठ्या आपत्तींचा धोका सुमारे एक दशांशाने घटतो, असे त्यात आढळले. परंतु त्या चाचण्या औषधांच्या होत्या, वर्तुळाच्या नव्हत्या. ज्याचा वरचा आकडा १७० आहे त्याला श्वासाने चार अंशांचा लाभ मिळाला असे धरले, तरी तो १६६ वर उभा आहे. मुद्दल तसेच ठेवून व्याजाचे चार आणे दिल्याने खाते मिटत नाही.

मोबाईलच्या ॲपाची गोष्ट तर आणखी निराळी. त्या इस्राएली यंत्राला निदान छातीला पट्टा होता; मनुष्य खरोखर श्वास घेत आहे की नाही हे त्याला कळत असे. आपल्या खिशातील बहुतेक ॲपांना हेही कळत नाही. पडद्यावर वर्तुळ फुगत असताना गिऱ्हाइकाशी भाव करीत बसले तरी पंधरा मिनिटांनी शाबासकी मिळतेच. ती शाबासकी फोन चालू राहिल्याबद्दलची असते.

याहून धोक्याची ॲपे म्हणजे केवळ फोनच्या साहाय्याने रक्तदाब मोजून देतो असे सांगणारी. इन्स्टंट ब्लड प्रेशर नावाचे असे एक ॲप २०१४ साली अमेरिकेत निघाले आणि पुष्कळ खपले. फोनची कड छातीला लावून कॅमेऱ्यावर बोट ठेवले की आकडा हजर. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या डॉक्टरांनी ते तपासून २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला : ज्यांचा रक्तदाब खरोखर चढा होता अशा पाचांतील जवळजवळ चौघांना त्या ॲपने सारे ठीक असल्याचे सांगितले होते. त्याच वर्षी अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्या कंपनीवर कारवाई केली. आपल्याकडे वजने-मापे निरीक्षक शिक्का मारून जातो आणि बिनशिक्क्याच्या काट्यावर तोललेला माल कोणी स्वीकारीत नाही. मग बिनशिक्क्याच्या काट्यावर आपले आयुष्य कसे तोलावयाचे?

आमच्या ओळखीच्या एका आडत्यांची हकिकत येथे सांगणे आवश्यक वाटते. नाव घेत नाही. सहा वर्षे त्यांची गोळी चालू होती. मुलाने मोबाईलमध्ये श्वासाचे ॲप घालून दिले आणि ते मोठ्या निष्ठेने पहाटे बसू लागले. पंधरवड्यात झोप सुधारली, हमालांवर चिडणे कमी झाले, डोके हलके वाटू लागले. हा लाभ खराच होता. तो आम्ही स्वतः पाहिला. त्यावरून त्यांनी असे अनुमान काढले की रक्तदाब गेला. मोजून पाहण्याचे कोणी सुचविले तर ते हसून ॲपवरचा आकडा दाखवीत : नव्वदावर दिवस, एकही खंड नाही. गोळीची पट्टी कपाटातच राहिली. सुगीच्या ऐन दिवसांत, काट्यावर पोती चढत असताना, त्यांची जीभ जड झाली व डावा हात खाली पडला. रुग्णालयात वरचा आकडा दोनशेच्या पुढे निघाला. आज ते पेढीवर येतात, बोलणे पुष्कळ सुधारले आहे; पण कीर्द लिहिताना डाव्या हाताने वही धरता येत नाही, ती नातू धरतो. मन शांत होणे आणि दाब उतरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली स्वतःला कळते. दुसरी दंडाला पट्टा बांधल्याशिवाय कोणालाच कळत नाही.

गोळी सोडण्याचा आणखी एक प्रसंग आपल्या समाजात दरवर्षी येतो. दशलक्षण पर्वात एकाशन किंवा उपवास करणारे कित्येक जण दहा दिवस गोळी परस्पर बंद ठेवतात, आणि अलीकडे त्यांतले काही, तेवढ्या दिवसांपुरते ॲप आहेच, असे म्हणू लागले आहेत. काही गोळ्या एकाएकी थांबविल्यास दाब पूर्वीपेक्षाही वर उसळतो; काही गोळ्यांनी लघवी वाढते आणि पाणी एकदाच घेणाऱ्याला त्या जपून द्याव्या लागतात. दिवसातून एकदाच घ्यावयाच्या गोळ्याही आहेत. त्यांची वेळ एकाशनाशी जुळविता येते काय, हे डॉक्टर सांगू शकतात. पर्वाच्या पंधरा दिवस आधी त्यांना विचारावे, इतकेच. व्रताला यामुळे बाध येत नाही. हिरवी भाजी वर्ज्य असलेल्या तिथींना आपल्या ताटात पापडाची जी चळत असते, तिच्याकडेही एकदा पाहावे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमांहून कमी मीठ सांगते; पापडखारातही मिठासारखेच सोडियम असते, हे पापड विकणाऱ्या आपल्या सभासदांनीच सांगितलेले बरे.

तर मग ॲप कसे वापरावे? सकाळी किंवा दुकान बंद केल्यावर, पाठ टेकून, दहापंधरा मिनिटे. श्वास घेण्यापेक्षा सोडण्यास थोडा अधिक वेळ द्यावा. श्वास कोंडून धरू नये. ज्याचा दाब आटोक्यात नाही त्याने भराभर श्वासाचे जोरकस प्रकार करू नयेत. चक्कर वाटली तर थांबावे. महिना-दोन महिन्यांत लय अंगवळणी पडते. मग ॲप नसले तरी चालते. म्हणून वर्षाची वर्गणी भरण्याची घाई करू नये, हे आमचे खास व्यापारी मत.

मोजणे मात्र कधीच सोडू नये. दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याची युक्ती इटलीच्या रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये काढली आणि रशियाच्या कोरोत्कोव यांनी १९०५ मध्ये नळीने आवाज ऐकून तिला पूर्णत्व दिले. आजचे विजेरी यंत्रही पट्ट्याचे तत्त्व सोडून गेलेले नाही. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा-तंबाखू नको. लघवीस जाऊन यावे. पाच मिनिटे स्वस्थ बसावे. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड उघडा आणि हृदयाच्या उंचीवर. मोजताना बोलू नये. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे तारखेसह लिहावे. दवाखान्यात वारंवार १४० वर ९० किंवा त्याहून अधिक आकडा आला तर आपल्याकडे तो उच्च रक्तदाब समजतात. अमेरिकेने २०१७ मध्ये ही मर्यादा १३० वर ८० इतकी खाली आणली. ॲप सुरू करण्यापूर्वी आठवडाभराचे आकडे लिहावे आणि दोन महिन्यांनी पुन्हा आठवडाभराचे. गोळी न बदलता आकडा उतरला असेल तर ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी. गोळी कमी करावयाची की नाही ते त्यांनी ठरवावे.

ॲपचा याहून चांगला उपयोग आपल्या देशात झालेला आहे, तो सांगावयाचा राहिला. २०१७ साली सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात आरोग्यसेवकांच्या हाती सिंपल नावाचे एक ॲप दिले गेले. ते कोणाला श्वास शिकवीत नाही. कोणत्या रुग्णाचा आकडा किती, त्याला कोणती गोळी दिली आणि ठरल्या दिवशी कोण फिरकला नाही, याची नोंद ते ठेवते. न आलेल्याला फोन जातो. आमच्या दृष्टीने ही साधी वसुलीची यादी आहे, आणि वसुलीची यादी नसलेली पेढी किती दिवस चालते हे आपण जाणतोच.

म्हणून असोसिएशनच्या कार्यकारी मंडळापुढे आमची एक सूचना आहे. कार्यालयात दंडावर मोजणारे एक प्रमाणित यंत्र व एक नोंदवही ठेवावी. महिन्यातून एक दिवस सभासदांनी, त्यांच्या घरच्या मंडळींनी आणि पेढीवरील मुनीम-हमालांनीही येऊन मोजून जावे. वही कुलपात असावी. एकाचा आकडा दुसऱ्यास कळता कामा नये. सलग दोन महिने जो फिरकणार नाही त्याला चिटणीसांनी फोन करावा. असे यंत्र एक क्विंटल तुरीहून स्वस्त पडते, आणि पहिल्या यंत्राची रक्कम आमच्या पेढीच्या नावे लिहावी. पट्टे मात्र दोन मापांचे घ्यावेत. आपल्यातील काही सभासदांच्या दंडास लहान पट्टा पुरत नाही, आणि अपुऱ्या पट्ट्याने दाब आहे त्याहून अधिक दिसतो.